टाचण्या तोंडात असताना

"वहिनी, जाड झालात की काय?"

हे विचारलं धाकट्या दिराने, भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत. दुकानाच्या नव्या पाटीसाठी सगळ्यांचा फोटो काढला होता आणि हा पठ्ठ्या तो मोबाइलवर बोटांनी मोठा करकरून बघत होता. आता मला सांगा, जी बाई दर वर्षी स्वतःचेच कपडे कमरेत आत घेते ती जाड कुठून होणार? अंगाने काडी, हात म्हणजे नुसत्या शिरा. पण फोटोत चेहरा खरंच चौकोनी आला होता. कानाखाली दोन्हीकडे फुगवटे, गालांत गोळ्या धरून बसल्यासारखे.

वहिनींनी उत्तर दिलं नाही. देणार कशा? तोंडात टाचण्या होत्या.

वहिनी म्हणजे त्या शिवणाच्या दुकानातली थोरली सून. नाव होतं त्यांना, पण ते घ्यायची वेळ कुणावर येत नसे. गिऱ्हाइकं, शेजारी, त्यांच्याहून वयाने मोठ्या बायका, सगळे वहिनीच म्हणायचे. पुरुषांचे कोट त्यांचे यजमान शिवत, ते मास्तर. बायकांचे कपडे वहिनींकडे. धाकटा गल्ला, फोन आणि गोड बोलणं सांभाळायचा. सुई म्हणून त्याने कधी हातात धरली नव्हती, पण दुकान आपल्यामुळेच चालतं याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्या दुकानात वहिनींचं म्हणावं असं एकच होतं: दर्शनी काचेला लागून असलेलं कपडे बेतायचं टेबल. कागदोपत्री तेही त्यांचं नव्हतंच म्हणा, पण लग्न होऊन आल्यापासून त्यांची कात्री तिथेच चालली. तिथे दिवसभर खरा उजेड. काळा कपडा आणि गडद निळा कपडा ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसतात, काचेपाशी नेले की कोण कोणता ते कळतं. मान वर केली की रस्ता दिसायचा, शाळेतून परतणारी पोरं दिसायची, समोरच्या न्हाव्याच्या पायरीवर झोपलेला गलेलठ्ठ कुत्रा दिसायचा. तेवढ्यावर बाईचा दिवस निघून जायचा. मागची खोलीही होती एक, चिंध्यांची पोती आणि हात तुटलेले पुतळे ठेवलेली. तिला खिडकी नव्हती. तिथे कुणी दोन मिनिटांवर थांबत नसे.

आता टाचण्यांचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या दुकानात सासऱ्यांच्या वेळेपासूनचा नियम होता, टाचण्या तोंडात असताना बोलायचं नाही. त्यांच्या एका कारागिराने हसता हसता टाचणी गिळली होती म्हणे. पण म्हणून काम कसं अडवून धरायचं? मग सासऱ्यांनी त्याला दुसरा नियम जोडला. ज्याच्या तोंडात टाचण्या आहेत त्याला विचारायचं खुशाल. पटलं नाही तर तो टाचण्या काढून बोलेल. नाही काढल्या तर त्याला मान्य आहे असं धरायचं. "तपकिरी दोरा लावू?" "बाही अर्धा इंच सोडू?" असल्या गोष्टींना हा नियम झकास होता.

पुढे घराला त्याची चटक लागली. "वहिनी, सुट्टीच्या दिवशी दुकान तुम्हीच उघडाल ना?" तोंडात टाचण्या. मान्य. "आई आता तुमच्याकडेच राहू देत ना, तुमच्या हातचं त्यांना आवडतं." टाचण्या. मान्य. नवं कोरं मशीन आलं ते मास्तरांकडे गेलं आणि जुनं खडखडं वहिनींच्या पदरात राहिलं, तेही असंच. अहो, घेरदार झग्याची खालची दुमड टाचायची म्हणजे काय चेष्टा आहे? मुलगी स्टुलावर उभी, तिला हलू नको म्हणून बजावलेलं, दातांत टाचण्यांची रांग, अर्धा घेर झालेला. अशा वेळी त्या सगळ्या काढायच्या, बोलायचं, वाद घालायचा आणि पुन्हा पहिल्यापासून घेर मापायचा? वहिनी दात आवळायच्या आणि पुढची टाचणी लावायच्या. दात आवळले की राग बाहेर सांडत नाही. आत जाऊन तो काय उद्योग करतो, याचा विचार कुणी केला होता?

दुखणं आधी कानात आलं, मग कानशिलात. सकाळी तोंड उघडताना कट्ट असा आवाज व्हायचा आणि जांभई दिली की ब्रह्मांड आठवायचं. अक्कलदाढ असेल म्हणून वहिनी दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला रोखठोक.

"दाढ ठणठणीत आहे," ती म्हणाली. "पण दात बघा, घासून घासून सपाट झालेत. तुम्ही दात आवळता."

"मी? छे हो."

डॉक्टरने दोन्ही हातांची बोटं त्यांच्या कानांखाली ठेवली. "आवळा बरं आता." वहिनींनी आवळले. "अरे बापरे! हा आपला चावण्याचा स्नायू. तालमीतल्या पैलवानाच्या दंडासारखा कमावलाय तुम्ही. म्हणून चेहरा रुंद दिसतो. ही चरबी नाही."

"म्हणजे मी जाड नाही झाले?"

"अजिबात नाही."

वहिनींना इतकं बरं वाटलं की तिथूनच फोन करून धाकट्याला ऐकवावं असं झालं.

"घरी किंवा कामावर काही ताण?" डॉक्टरची बोटं अजून गालांवरच होती.

"छे, ताण कसला? सगळं छान आहे."

"आत्ता परत आवळलेत," डॉक्टर म्हणाली.

मग तिने सगळं समजावून सांगितलं. वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागायचे ते फक्त खाताना. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर, पुढच्या दातांच्या मागे हलकेच टेकलेली. गरम ओल्या कापडाने शेक. बोटांनी गोल गोल चोळायचं, जोर न लावता. काही दिवस मऊ खायचं. रात्री घालायला दातांवर बसणारी पट्टी ती बनवून देणार होती. स्नायू सैल पाडणारं इंजेक्शनही असतं, पण आधी हे करून बघू, म्हणाली. फुगवटा उतरायला मात्र महिने लागतील. "आणि कामात दातांत काही धरता का?"

वहिनींनी टाचण्यांचं सांगितलं. डॉक्टरने कपाळावर हात मारून घेतला. "ते आजपासून बंद."

घरी सांगितलं आणि झालं! जो तो वैद्य. सासूबाई म्हणाल्या, "तू ना, मनाला फार लावून घेतेस." जाऊबाई म्हणाल्या, "माझं बघा, मी काही डोक्यातच ठेवत नाही." नाहीच ठेवत, ठेवायला वहिनींचं डोकं आहे ना. मास्तर जेवता जेवता म्हणाले, "अगं, तू टेन्शन घेऊ नकोस. शांत राहत जा."

शांत राहत जा! वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बाईने आजवर दुसरं केलं काय होतं? शांत राहून राहूनच तर जबडा हा असा झाला होता. त्यांनी दात आवळले, मग आवळलेत हे लक्षात आलं, मग सोडले, मग सोडावे लागले याचा राग आला आणि पुन्हा आवळले गेले. दात सोडणं हे एवढं कष्टाचं काम असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

एक लेक तेवढी कामाची. ती कॉलेजात होती. तिने आईच्या मोबाइलमध्ये स्वतःचाच आवाज भरून ठेवला, दर थोड्या वेळाने वाजणारा: "आई, दात सोड!" तो भर दुकानात वाजायचा. कोटाचं माप द्यायला आलेले एक गृहस्थ इतके दचकले की त्यांनीच तोंड उघडलं.

टाचण्यांसाठी वहिनींनी मनगटावर छोटी उशी बांधली. पहिले काही दिवस हात सवयीने तोंडाकडेच जायचा आणि काम निम्म्यावर आलं. पण या सगळ्यात एक भलतीच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. धाकटा टेबलापाशी यायचा, "वहिनी," म्हणून सुरुवात करायचा, त्यांच्या तोंडाकडे बघायचा आणि "काही नाही, काही नाही," करत मागे फिरायचा. एकदा झालं, दोनदा झालं. मग जाऊबाई तशाच आल्या आणि तशाच गेल्या. सासूबाईंनी तर दारातूनच डोकावून विचारलं, "टाचण्या नाहीत का गं आज?" आणि नाहीत म्हटल्यावर, "बरं, मग नंतर येते," म्हणून निघून गेल्या.

वहिनींच्या हातातली कात्री थांबली. म्हणजे ही माणसं इतकी वर्षं कामाच्या गडबडीत येऊन विचारत नव्हती. ती वेळ साधून येत होती! त्यांच्या तोंडात टाचण्या कधी जातात याची वाट बघत होती. वहिनी काचेतून समोरच्या कुत्र्याकडे बराच वेळ बघत राहिल्या, पण तो त्यांना दिसत नव्हता.

आणि मग एके दिवशी सुतार आला.

दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सुताराबरोबर एक चकाचक कपड्यांतला माणूस होता. सुताराने खिशातून टेप काढली आणि वहिनींनी अंथरलेल्या कपड्यावरूनच टेबलाची लांबी घ्यायला सुरुवात केली.

"अहो, अहो! हे काय चाललंय?" वहिनी म्हणाल्या.

"काउंटर बसवायचाय ना इथे, काचेचा," तो चकाचक माणूस म्हणाला. "माझं मोबाइलचं दुकान येतंय या बाजूला. हे टेबल निघेल ना आजच?"

धाकटा लगबगीने पुढे आला. "अहो वहिनी, तुम्हाला विचारलं होतं की मी. दर्शनी भाग यांना भाड्याने द्यायचा. तुमचं टेबल मागच्या खोलीत. पोती हलवू, चांगल्या दोन ट्यूब लावू, तुम्हाला निवांत काम करता येईल."

"मागच्या खोलीत?" वहिनींना आपला आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "कधी विचारलंत?"

"तुम्ही डॉक्टरकडे जायच्या आधी, त्या लांब झग्याचं फिटिंग चाललं होतं तेव्हा. तुम्ही टाचण्या काढल्या नाहीत." आणि तो अगदी सरळ चेहऱ्याने मास्तरांकडे वळला. "दादा होता ना तिथे. विचारा त्याला." घेर मोजताना पाठीमागून कसलीशी पुटपुट ऐकू आली होती, ते वहिनींना अंधुक आठवलं.

वहिनींना बोलायचं होतं. वाक्यं घशापर्यंत आली होती, एकामागोमाग एक. पण रागाने दात जे मिटले ते मिटलेच. उघडायला गेल्या तर कानापाशी कळ आली आणि जबडा अडकला. बोट जेमतेम जाईल एवढीच फट. आयुष्यात पहिल्यांदा तोंडात टाचणी नव्हती, समोर विषय होता, आणि तोंड उघडत नव्हतं. याला काय म्हणावं?

"बघा, झाला ना त्रास!" धाकट्याचा स्वर एकदम मऊ झाला. "तुम्ही बोलूच नका, वहिनी. डॉक्टरांनी जबड्याला आराम द्यायला सांगितलाय. उगाच ताण नको." आणि सुताराला म्हणाला, "घ्या हो तुम्ही माप."

वहिनींनी मास्तरांकडे बघितलं. इतक्या आशेने त्यांनी नवऱ्याकडे कधी बघितलं नसेल. काही फार नको होतं. थांबा म्हटलं असतं तरी पुरे होतं. मास्तरांनी बायकोकडे बघितलं, भावाकडे बघितलं, मग समोरच्या उशीतून चार टाचण्या उपटल्या आणि तोंडात धरल्या. त्यांच्या हातात तेव्हा कोटाचं बटण होतं. बटण लावायला टाचणी लागत नाही.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी इस्त्रीच्या कोपऱ्यातलं ओलं कापड उचललं, त्यावर गरम इस्त्री फिरवली, हाताला सोसेल एवढं निवू दिलं आणि ते घेऊन परत आल्या. चपला काढल्या. आणि सुताराच्या डोळ्यांदेखत टेबलावर चढून, मांडी घालून, मधोमध बसल्या.

"वहिनी, हे काय?" धाकटा म्हणाला.

वहिनींनी हात वर करून त्याला थांबायची खूण केली. गरम कापड दोन्ही गालांना लावून डोळे मिटले. मग कापड बाजूला ठेवून कानांखाली बोटं गोल गोल फिरवू लागल्या. घाई नाही, जोर नाही. आत दोन दगड होते. बोटांखाली ते हळूहळू, अगदी नाइलाजाने सैल पडत होते. सुतार टेप धरून उभा. मोबाइलवाला एका पायावरून दुसऱ्या पायावर. धाकटा दोनदा काहीतरी बोलायला गेला आणि दोन्ही वेळा वहिनींचा हात वर झाला. मध्येच फोनमधून लेक ओरडली, "आई, दात सोड!" कुणी हसलं नाही.

जीभ वर. दात सुटे. कट्ट असा आवाज झाला आणि जबडा सुटला.

"हे टेबल इथून हलणार नाही," वहिनी म्हणाल्या. दुखत होतं, पण शब्द स्वच्छ आला. "आणि मी मागच्या खोलीत बसणार नाही. आज नाही आणि कधीच नाही."

"पण तुम्ही टाचण्या काढल्या नव्हत्या—"

"आता बघा, आहेत का?" वहिनींनी त्याच्यापुढे तोंड उघडलं, दुखेपर्यंत. "विचारा आता. काय विचारायचंय ते सगळं आत्ता विचारा."

मोबाइलवाला शहाणा निघाला. "ताई, मला वाटलं तुमची संमती आहे," तो म्हणाला. "घरच्या भांडणात मी दुकान मांडत नाही." आणि धाकट्याकडे न बघता तो सुताराला घेऊन निघाला.

"वहिनी, हे बरं नाही केलंत." धाकट्याचे कान लाल झाले होते. "मी त्यांना शब्द देऊन बसलो होतो."

"टेबल माझं आणि शब्द तुमचा, असं कसं जमायचं, भाऊजी?"

तो तणतणत बाहेर गेला. काचेचं दार आदळलं आणि कितीतरी वेळ थरथरत राहिलं. वहिनी टेबलावरून खाली उतरल्या. सुताराच्या टेपने चुरगळलेला कपडा त्यांनी तळव्याने सारखा केला. जिंकल्याचा आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं. कसला आनंद? कानामागे ठणका लागला होता आणि दुकानात फक्त मास्तर होते.

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या. बराच वेळ घसा खाकरला.

"अगं, पण तेव्हाच टाचण्या काढल्या असत्यास तर?" ते म्हणाले. "इतक्या वर्षांत तू कधी एकदाही काढल्या नाहीस. मला वाटायचं, तुझं बरं चाललंय."

वाईट हे, की त्यांच्या बोलण्यात कावा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. एका ताटात जेवलेला, एका छताखाली निजलेला माणूस, आणि त्याला वाटत होतं हिचं बरं चाललंय! वहिनींना एकाच वेळी त्याला गदागदा हलवावंसं वाटलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. दात जवळ यायला लागले. त्यांनी ते येऊ दिले नाहीत.

"ते बटण ठेवा खाली," त्या म्हणाल्या. "आणि बसा इथे, माझ्यासमोर."

"आत्ता? गिऱ्हाईक यायचंय कोटाचं."

"येऊ दे. थांबेल."

मास्तर स्टुलावर बसले, फिटिंगला आलेल्या मुलीसारखे, हात कुठे ठेवावेत ते न कळून. वहिनींनी टेबलाला पाठ टेकली आणि लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून सांगायला सुरुवात केली. मध्ये कोटाचं गिऱ्हाईक आलं, दारातूनच दोघांचे चेहरे बघून परत गेलं. रस्त्यावरचे दिवे लागले, दुकान बंद करायची वेळ झाली, तेव्हा त्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षापर्यंतच आल्या होत्या.